आकाशातली कोलांटी : फौजेची की क्लबाची?

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराचं दर्शन, बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, तमाशाचे तंबू, आकाशपाळणे, हा सगळा थाट मुरबाड-शहापूरच्या माणसाला लहानपणापासून पाठ असतो. बँकेतल्या नोकरीची काही वर्षं मी याच भागात काढली; त्यामुळे निवृत्तीनंतरही ही जत्रा सहसा चुकवत नाही. २०२४ साली जत्रा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. त्याआधी दहा-बारा दिवस मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या होत्या आणि त्यांची चित्रं जत्रेतल्या निम्म्या मोबाइलांवर फिरत होती. एकीकडे ‘मौत का कुआँ’च्या फळ्यांवर मोटारसायकली घोंघावत होत्या आणि शेजारच्या चहाच्या पालात माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आणि एक निवृत्त हेडमास्तर यांच्यात वाद पेटला होता.

सुभेदारांचं म्हणणं एकच. “नऊ विमानं अशी अंगाला अंग लावून उलटी करायची म्हणजे फौजच पाहिजे. शिस्त विकत मिळत नाही, गुरुजी.” हेडमास्तरांनी शांतपणे कुव्याकडे बोट दाखवलं. “सुभेदार, तो पोरगा भिंतीवर हात सोडून गाडी चालवतोय. तो कुठल्या पलटणीत होता?” लोक हसले. एवढ्यात कोपऱ्यात बसलेला माझा एक जुना खातेदार पुढे सरकला. त्याचा नातू तेव्हा दहावीला होता. “म्यानेजर सायेब, पोरगा इमान उडवायचं म्हनतो. साधं न्हाय, ह्ये असं उलटंपालटं. त्याला फौजंत घालू का पैसं भरून शिकवू, तेवढं सांगा.”

हा प्रश्न जत्रेतला असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिथे जिथे विमानं उडतात तिथे तो गेली शंभर वर्षं विचारला जातो. हवाई कसरत म्हणजे लूप घेणं, विमान लांबीच्या अक्षाभोवती फिरवणं, उलटं चालवणं, मुद्दाम गरगरत खाली सोडून पुन्हा सावरणं. प्रवासी विमानाचा वैमानिक ज्या ज्या गोष्टी आयुष्यभर टाळतो, त्या सगळ्या ठरवून आणि मोजूनमापून करायच्या. ही विद्या गणवेशातला गुरू अधिक चांगली शिकवतो की क्लबातला?

मला हा वाद ऐकताना आमची बँक आठवली. आमच्याकडे दोन प्रकारचे अधिकारी असत. एक थेट भरतीचे. परीक्षा देऊन, मुलाखतीतून निवडून, ट्रेनिंग कॉलेजात तावून सुलाखून आलेले. दुसरे क्लार्कमधून चढत चढत आलेले. दोघांचं एकमेकांबद्दलचं मत फारसं छापण्यासारखं नसे. रोजच्या कामात दोघांत फरक दिसायचा नाही. फरक दिसायचा तो संध्याकाळी कॅश जुळली नाही की. थेट भरतीचा अधिकारी नियमाप्रमाणे पहिल्या व्हाउचरपासून सुरुवात करायचा, क्लार्कमधून आलेला नोटांच्या थप्पीवर बोट फिरवून सांगायचा, “या बंडलात एक कमी आहे.” दोघांनाही फरक सापडायचा. पण शंभर शाखांचा हिशेब एका पद्धतीने लावायचा असेल तर मी पहिल्याला बोलावला असता, आणि एकाच थप्पीचा प्रश्न असेल तर दुसऱ्याला. विमानांचं थोडंफार असंच आहे, असं मला वाचता वाचता वाटत गेलं.

या विद्येच्या जन्माची गोष्टच मजेशीर आहे. ९ सप्टेंबर १९१३ रोजी प्योत्र नेस्तेरोव या रशियन लष्करी वैमानिकाने कीव्हजवळ जगातला पहिला लूप घेतला. त्याबद्दल त्याला वरिष्ठांनी काय दिलं? दहा दिवसांची अटक! सरकारी मालमत्ता धोक्यात घातली, हा गुन्हा. त्याच महिन्याच्या २१ तारखेला फ्रान्समध्ये अदोल्फ पेगू याने लूप घेतला. पेगू पूर्वी सैन्यात होता, पण तेव्हा ब्लेरिओच्या विमान कारखान्यात नोकरीला होता. त्याचा जयजयकार झाला आणि कित्येक दिवस जग त्यालाच पहिला समजत होतं. मग रशियन सरकारला जाग आली, नेस्तेरोवची शिक्षा रद्द झाली आणि त्याला बढती मिळाली. ज्याने कामाची नवी पद्धत काढली त्याला आधी मेमो आणि नंतर प्रशस्तिपत्र, हा सरकारी खात्यांचा शिरस्ता तेवढा जुना आहे म्हणायचा. पण या गोष्टीत आपल्या प्रश्नाचं मूळही आहे. फौजेचं विमान फौजेच्या कामासाठी असतं. कसरत हे तिथे साधन आहे, साध्य नव्हे.

आता फौज काय शिकवते ते पाहू. आपल्या हवाई दलाचा वैमानिक हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत पिलाटस विमानावर शिकायला लागतो तेव्हा काही महिन्यांतच त्याला विमान स्टॉल करणं, गरगरवणं, लूप, रोल हे सगळं करावं लागतं. तिथे हा हौसेचा विषय नाही, ज्याला जमत नाही त्याला दुसरी वाट दाखवली जाते. पुढे लढाऊ शाखेत गेलेला तरुण बिदरला हॉक जेटवर शिकतो. बिदर म्हणजे आपल्या उदगीर-भालकीच्या शेजारचं, मराठी कानडी दोन्ही बोलणारं गाव. सूर्यकिरण हा नऊ विमानांचा कसरती संघ तिथलाच. १९९६ साली तो किरण विमानांवर उभा राहिला, २०११ मध्ये विमानं प्रशिक्षणासाठी लागतात म्हणून थांबवला गेला आणि २०१५ पासून हॉकवर पुन्हा सुरू झाला. त्या भागातल्या शेतकऱ्याला औत हाकताना डोक्यावर जे फुकट पाहायला मिळतं, ते पाहायला मुंबईकर मरीन ड्राइव्हवर तासन्‌तास उन्हात उभे राहतात.

या संघात सहसा आधीच उत्तम लढाऊ वैमानिक झालेल्या आणि बरेचदा प्रशिक्षक असलेल्या माणसांना घेतात. दोन विमानांतलं अंतर पाच मीटर किंवा त्याहून कमी. आपल्याकडच्या एस.टी.च्या लांबीच्या निम्मं! या फॉर्मेशनचं मर्म असं की, बाजूच्या विमानातला वैमानिक जमीन पाहत नाही, क्षितिज पाहत नाही. त्याची नजर पुढच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणांवर खिळलेली असते. पुढचा वळला की वळायचं, पुढचा उलटा झाला की उलटं व्हायचं. विश्वासाची ही परिसीमा आहे, आणि तिची किंमतही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकी हवाई दलाच्या थंडरबर्ड्‌स संघाच्या नेत्याचं विमान नेव्हाडाच्या वाळवंटात सरावात लूपमधून सावरलं नाही. बाकीची तीन विमानं त्याच्याबरोबर सरळ जमिनीत गेली. चौघेही गेले. तिघांनी चूक केली असं कुणी म्हणू शकत नाही. त्यांनी जे शिकले होते तेच केलं. असा विश्वास, अशी निवड आणि रोजच्या रोज सगळे मिळून सराव करण्याची सोय क्लबाला परवडणारी नाही. संघाच्या कसरतीत सुभेदारांचं म्हणणं खरं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण एकट्याच्या कसरतीचं गणित वेगळं आहे. तिच्या जागतिक स्पर्धा १९६० पासून होतात. आकाशात एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद अशी काल्पनिक पेटी आखलेली असते. होसे लुईस अरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाने बसवलेल्या चिन्हलिपीत कसरती कागदावर लिहितात, आपल्याकडे तबल्याचे बोल लिहावेत तशा. ती चिठ्ठी समोर लावून वैमानिक पेटीत शिरतो आणि खाली पंच प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण देतात. रेषा काही अंशांनी चुकली की गुण गेला. शिवाय दाब नुसता खुर्चीत चेपणारा नसतो. उलट्या आकृत्यांत रक्त डोक्याकडे धावतं आणि तिथे लढाऊ वैमानिकाचा जी-सूट काही कामाचा नसतो.

बँकेची सवय सुटत नाही, म्हणून मी एक ताळेबंद मांडला. पेटीतल्या स्पर्धेहून वेगळी, पण तिथल्याच पट्टीच्या वैमानिकांना बोलावणारी रेड बुल एअर रेस ही शर्यत २००३ ते २०१० आणि २०१४ ते २०१९ अशी चालली. एकूण चौदा विजेतेपदं. त्यांत हवाई दलात शिकलेल्यांची पाच : अमेरिकेचा माइक मॅन्गोल्ड दोनदा, ऱ्होडेशियाच्या हवाई दलात शिकलेला नायजेल लॅम्ब, चेक हवाई दलाचा मार्टिन शोन्का आणि ऑस्ट्रेलियाचा मॅट हॉल. उरलेली नऊ नागरी वैमानिकांची. त्यांतली तीन पॉल बॉनॉम या एकट्याची, जो एरवी ब्रिटिश एअरवेजचं जम्बो चालवायचा. दोन कर्बी चॅम्ब्लिसची, तोही एका प्रवासी विमान कंपनीतला. म्हणजे नऊ विरुद्ध पाच. हेडमास्तरांना हा आकडा सांगितला तेव्हा ते दोन दिवस खुशीत होते.

मात्र या आकड्यावरून निकाल लावण्यात अर्थ नाही. फ्रान्सच्या हवाई दलाने खास एकट्याच्या कसरतींसाठी वेगळं पथक ठेवलं आहे. त्यातल्या वैमानिकांना रडार नाही, क्षेपणास्त्र नाही. छोटं पंख्याचं विमान आणि सराव. त्यातूनच २००९ चा जगज्जेता रनो एकाल आणि २०१३ चा फ्रान्स्वा ल व्हो निघाले. म्हणजे गणवेश आड आला नाही. दुसरीकडे स्वेतलाना कापानिना पाहा. शिक्षण औषधशास्त्राकडचं, विमानाच्या क्लबात शिरली तीही आधी तंत्रज्ञ म्हणून, आणि पुढे किती वेळा महिलांची जगज्जेती झाली ते मोजायला बोटं वापरावी लागतात. तिचा क्लब मात्र आपण समजतो तसा श्रीमंतांचा नव्हता. सोव्हिएत राज्यात ‘दोसाफ’ नावाची अर्धी सरकारी, अर्धी लष्करी धाटणीची संस्था गावोगावच्या पोरांना जवळजवळ फुकट विमान, ग्लायडर, पॅराशूट शिकवायची. फौजेत न जाता फौजेचं पेट्रोल, असा तो प्रकार.

मला यातून दिसतं ते इतकंच : एकाच छोट्या विमानावर, वर्षानुवर्षं, दुसरं कोणतंही काम अंगावर न घेता किती तास मिळाले, आणि त्या तासांचं बिल कुणी भरलं. लढाऊ वैमानिक लूप-रोल पहिल्या वर्षी शिकतो आणि मग त्याला शस्त्रं, रडार, डावपेच यांच्याकडे वळावं लागतं. देशाने त्याच्यावर पैसा त्यासाठीच खर्च केलेला असतो. क्लबातला वेडा मात्र तोच एक रोल दहा हजार वेळा घोटतो, गवयाने षड्ज लावावा तसा. ज्या देशात हे तास कुठल्या ना कुठल्या वाटेने सामान्य घरातल्या पोराला मिळाले, तिथे विजेते निघाले.

आपल्याकडे अशी वाट एके काळी होती, निदान तिची सुरुवात होती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून. पुढे आगाखानांनी पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं : भारत आणि इंग्लंड यांच्यात एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये दोघं भेटले. अस्पीकडे स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले आणि अस्पी पुढे जाऊन बक्षीस जिंकला. ही गोष्ट खिलाडूपणासाठी नेहमी सांगितली जाते. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. क्लबात शिकलेला हा पोरगा नंतर क्रॅनवेलला लष्करी शिक्षण घेऊन हवाई दलात गेला आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. जेआरडी नागरीच राहिले, हवाई दलाने त्यांना मानद एअर व्हाइस मार्शल केलं, आणि १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. क्लब आणि फौज यांच्यात तेव्हा भिंत नव्हती, दरवाजा होता.

आज काय आहे? मुंबईच्या क्लबाचं शिक्षण जुहूहून धुळ्याकडे वळलं, बारामती आणि गोंदियाला संस्था आहेत. तिथे उत्तम वैमानिक घडतात. पण त्यांचं उद्दिष्ट एकच, व्यावसायिक परवान्याचे दोनशे तास भरणं आणि विमान कंपनीत लागणं. कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाने लूप कशासाठी शिकावा? सेस्ना १७२ सारखं विमान त्यासाठी बनवलेलंही नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘फौज की क्लब’ हा प्रश्न उरतच नाही. कसरत शिकायची तर दार एकच आहे आणि त्यावर पहारेकरी आहे.

“आम्हाला काय त्याचं? आम्ही दिवाळीला विमानाने नागपूरला जातो, ते सरळच उडतं,” असं कुणी म्हणेल. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमानही सरळच उडत होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं, स्वयंचलित यंत्रणा सुटली आणि विमान हाताने चालवायची पाळी आली. वैमानिकाने नाक वर खेचलं. पंखांची पकड गेली, स्टॉलचा इशारा वाजत राहिला आणि नाक बहुतेक वेळ वरच खेचलेलं राहिलं. साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसं अटलांटिकमध्ये गेली. नाक खाली करून पकड परत मिळवायची, हा कसरतीच्या पहिल्या आठवड्यातला धडा. अंगात मुरला असेल तरच तो अंधारात आठवतो. या आणि अशा अपघातांनंतर युरोपने डिसेंबर २०१९ पासून व्यावसायिक वैमानिकांच्या शिक्षणात किमान तीन तास खऱ्या विमानात, वेडंवाकडं झालेलं विमान सावरण्याचा सराव सक्तीचा केला. तीन तास म्हणजे काही फार नव्हे, पण सुरुवात आहे.

उलट उदाहरण कॅनडाचं. २३ जुलै १९८३ रोजी एका बोइंग ७६७ चं इंधन आकाशात संपलं. कारण ऐकून कुठलाही बँकवाला कपाळाला हात लावेल : पौंड आणि किलो यांचा गुणाकार चुकला होता. दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअरसन सुट्टीच्या दिवशी हौसेने ग्लायडर उडवणारा. त्याने ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखं तिरकं घसरवत उंची कमी केली. पण उतरायचं कुठे? सहवैमानिक मॉरिस किंटाल पूर्वी कॅनडाच्या हवाई दलात होता. गिमली इथली जुनी लष्करी धावपट्टी त्याला आठवली. ६९ माणसं होती, सगळी वाचली. क्लबातला हात आणि फौजेची आठवण एका कॉकपिटमध्ये होती म्हणून.

मात्र हेही सांगायला हवं की, ज्याला आपण टाळ्या वाजवतो तो खेळ माणसं खातो. गोव्याच्या दाबोळी तळावर नौदलाचा ‘सागर पवन’ हा संघ २००३ साली उभा राहिला होता. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या प्रदर्शनात त्यातलं एक विमान घरांवर कोसळलं, दोघं अधिकारी गेले आणि तो संघच बंद पडला. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सूर्यकिरणची दोन विमानं सरावात एकमेकांवर आदळली, विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईत तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. नागरी बाजूला वेगळं नाही. वर ज्याचं नाव आलं तो मॅन्गोल्ड २०१५ साली विमान अपघातातच गेला आणि एकाल २०१० साली कुटुंबासह. जमिनीजवळ चूक सावरायला उंचीच नसते, मग शिक्षण कुठलंही असो. मला स्वतःला लहान मुलांच्या गर्दीसमोर अगदी खालून होणाऱ्या कसरती आवडत नाहीत. थोड्या वर झाल्या तर चित्र लहान दिसेल, एवढंच ना? विद्या शिकवणं वेगळं आणि तिचा तमाशा करणं वेगळं. पहिल्याला पैसे नाहीत आणि दुसऱ्याला मैदान भरतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता त्या खातेदाराच्या नातवाचं. मी त्याला जो सल्ला दिला तो बँकवाल्याचा होता. नागरी वैमानिकाचं शिक्षण आज पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातं. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका नाखूश असतात. घेतलीच, तर नोकरी लागेपर्यंत हप्ता कुणी भरायचा? आणि एवढं करून कसरत शिकायला मिळणार नाही ती नाहीच. फौजेत पैसे लागत नाहीत, उलट मिळतात. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते. तिचा अर्ज भर, गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस, एवढं मी त्याला सांगितलं. त्याच्याबरोबर आलेल्या धाकट्या बहिणीलाही सांगितलं, कारण नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था निघाली आहे, २०२२ पासून एनडीएत मुली जातात आणि पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून बाहेर पडल्या.

पण फौजेच्या दारात एक चाळण अशी आहे की तिच्याबद्दल आधीच सांगावं लागतं. वैमानिक म्हणून कल आहे की नाही, याची यंत्रावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्या दिवशी हात थरथरला, ताप असला, बावरलात, तर पुन्हा संधी नाही. देशाला कोट्यवधींचं विमान हातात द्यायचं असल्यामुळे फौजेचा नियम मला समजतो. जे समजत नाही ते असं की, त्या एका सकाळी जो अडखळला त्याच्यासाठी या एवढ्या मोठ्या देशात दुसरं दार का नसावं. त्या चाळणीतून गळलेल्यांत एखादा पिअरसन नसेल, कशावरून? एनसीसीच्या हवाई विभागात पोरांना छोट्या मायक्रोलाइट विमानात बसायला मिळतं. पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटरने कितीतरी मराठी मुलांना अगदी थोड्या पैशांत आकाश दाखवलं. धुळ्याला धावपट्टी आहे. तिथे कसरतीचं एक विमान आणि हवाई दलातून निवृत्त झालेला एक प्रशिक्षक ठेवणं राज्य सरकारच्या हिशेबात किरकोळ खर्चात बसेल. मी असे कागद बरीच वर्षं पाहिले आहेत. विमान कंपन्यांनी आपल्या नव्या वैमानिकांना तिथे तीन-चार दिवस पाठवलं तरी त्याचा रोजचा खर्च निघेल, आणि उरलेल्या तासांत पोरं शिकतील.

आमच्या भागात धावपट्टी म्हटलं की लोकांना कल्याणजवळची नेवाळी आठवते. दुसऱ्या महायुद्धातली ती जागा, २०१७ च्या जूनमध्ये तिथल्या जमिनींवरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं होतं. त्यामुळे मी जत्रेत धावपट्टीचं नाव काढलं की लोक माझ्याकडे संशयाने पाहतात, आणि ते बरोबरही आहे. म्हणून त्यांना मी जपानची गोष्ट सांगतो. तिकडे सरकारने शेतमाल शहरात विमानाने पाठवता यावा म्हणून काही ठिकाणी शेतांमध्ये आखूड धावपट्ट्या बांधल्या होत्या. त्यातली एक फुकुशिमाजवळ आहे, जेमतेम आठशे मीटरची. योशिहिदे मुरोया हा कधीही हवाई दलात नसलेला माणूस विद्यार्थिदशेत ग्लायडर शिकला आणि पुढे तिथे मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं एकटा सराव करत राहिला. २०१७ साली तो त्या शर्यतीचा जगज्जेता झाला, आशियातला पहिला. आमच्या शहापूर-मुरबाडची भेंडीही परदेशी जाते, त्यामुळे चहाच्या पालातल्या सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती : त्या धावपट्टीवरून भाजी गेली का? नाही. भाजी विमानाने पाठवणं त्यांना परवडलं नाही.